तारांखालचा हाका

१

रिकामं बसून खाणं मला जमत नाही. अमेरिकेत अल्फारेटाला मुलाकडे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी स्वतःला एक काम लावून घेतलं. मुलगा प्रितम साडेसातला ऑफिसला जायचा, सून उत्तरा आठला. मग घरात आम्ही तिघं उरायचो. मी, माझी बायको रमाबाई आणि चार वर्षांची नात रोशनी. रमाबाईचे गुडघे गेलेले. त्यामुळे रोशनीला रोज दहा वाजता बाहेर फिरवून आणायचं काम माझं.

साल १९९८. वस्ती नवी होती. निम्मी घरं उभी, निम्म्यांचे नुसते लाकडी सांगाडे. आमच्या घरामागे पाइनचं रान आणि त्या रानातून सरळ कापत गेलेली एक पट्टी. वर विजेच्या जाड तारा, खाली कमरेएवढं गवत. गवतातून एका माणसापुरती वाट. तिकडे कोणी जायचं नाही. इथली माणसं चालायला गाडीने जातात.

चांदा जिल्ह्यात, आमच्या गावाकडे, गवतात शिरणारा माणूस पाय आपटत चालतो. चार पावलं साधी टाकायची, मग थांबून टाच तीनदा जोरात जमिनीवर मारायची. साप असेल तर त्याला कळतं आणि तो वाट सोडतो. साप इथेही आहेत, असं प्रितमने सांगितलं होतं. म्हणून मी तसाच चाललो आणि रोशनीलाही तेच शिकवलं. तिला तो खेळ वाटला. पुढे ती, मागे मी. धप, धप, धप.

“आबा, माय फीट आर लाउडर.”

“मराठीत सांग.”

“माझे पाय जास्त लाउड आहेत.”

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी आम्ही थांबून तीनदा पाय आपटले. मग शांतता. मग पुढून, गवताच्या आतून, तीन आवाज आले. धप, धप, धप.

“इको,” रोशनी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

मीही तसंच समजलो.

२

माझी शाळा चौथीपर्यंत. पण बत्तीस वर्षं मी कोळशाच्या खाणीत छताला टेकू लावायचं काम केलं. छत काठीने वाजवायचं आणि ते भरीव आहे की पोकळ ते सांगायचं. माझ्या कानाच्या भरवशावर चाळीस माणसं खाली उतरायची. एकालाही दुखापत झाली नाही.

घरी आल्यावर त्या आवाजाचा विचार केला. प्रतिध्वनी लगेच येतो आणि मूळ आवाजापेक्षा पातळ असतो. हा आवाज एक श्वास घेण्याइतका थांबून आला होता, आणि तो जड होता. शिवाय गवतात भिंत नाही. आवाज परतणार कशावरून?

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दोनदा पाय आपटला. उत्तर दोनदा आलं. मग पाचदा आपटला. पाच आले. या वेळी डावीकडून. गवताचं पातंही हललं नाही.

पुढच्या बांधकामावर जमीन ठोकायचं यंत्र होतं. ते असेल, असं धरून मी तिकडे गेलो. मजूर सावलीत बसून जेवत होते. यंत्रावर तळहात ठेवला. गार होतं. एका मजुराने मला पोळीसारखं काहीतरी पुढे केलं. मी हाताने नको म्हटलं आणि परत आलो.

घरामागच्या पायरीवर बसून मी जमिनीला हात लावून पाहत होतो. रमाबाई स्वयंपाकघराच्या दारात आली.

“काहून जी, काय शोधून राहिले? कोळसा लागला का इथे?”

“काही नाही.”

“रिटायर झाले ते विसरले वाटते. आत या, भाकरी गार होते.”

मी आत गेलो. जेवताना माझं लक्ष मागच्या काचेच्या दाराकडे होतं, हे तिने पाहिलं. 

३

गवतात ससे पुष्कळ होते. आम्ही पाय आपटले की ते बिळातून, झुडपाखालून उठायचे आणि पुढे पळायचे. रोशनी त्यांना मोजायची.

“फोर बनीज, आबा. नो, फाइव्ह.”

त्या शुक्रवारी पाच गेले. वीसेक पावलांवर गवत एकदा जोरात दबलं आणि एकच आवाज आला. आधीच्यासारखा नाही. जमिनीवर नाही, कशावर तरी बसलेला. मग चार ससे उलटे आमच्याच अंगावर धावत आले, माझ्या पायांमधून गेले आणि मागे नाहीसे झाले. माणसाच्या पायांमधून जाणारा ससा मी जन्मात पाहिला नव्हता.

“वन मिसिंग,” रोशनी म्हणाली.

परतताना नाल्याजवळच्या लाल चिखलात पाऊल दिसलं. पक्ष्याचं. तीन बोटं पुढे, एक आखूड मागे. मी माझा पंजा त्यावर ठेवला. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत ठेवला तरी बोटभर उरलं. पुढचं पाऊल कुठे आहे ते हातातल्या काठीने मोजलं. दीड काठी. म्हणजे पक्षी असो नाहीतर काही असो, तो उड्या मारत नव्हता. चालत होता, आणि माझ्यापेक्षा लांब ढांगा टाकत होता.

संध्याकाळी दोन घरं सोडून राहणाऱ्या राजेशला बोलावून ते दाखवलं. हा पुण्याचा, प्रितमच्या कंपनीतला. मुलगा बरा आहे, पण सगळ्याला हसतो.

“काका, टर्की असेल. नाहीतर क्रेन. पाऊस पडला की प्रिंट स्प्रेड होतो यार, मोठा दिसतो.”

“पाऊस कधी पडला?”

“रविवारी.”

“हे पाऊल आजचं आहे. काठ बघ. सुकलेला नाही.”

तो वाकला, त्याने पाहिलं, आणि त्याचं हसणं थोडं कमी झालं. मग घरी आल्यावर रोशनीने लायब्ररीतून आणलेलं प्राण्यांचं पुस्तक काढलं. त्यात एका पानावर राखाडी पक्षी होता. गरुडाचं डोकं, वाकडी चोच, आणि खाली बगळ्यालाही लाजवतील असे उंच पाय. मांड्यांवर काळी पिसं, जणू अर्धी विजार घातली आहे.

“काय लिहिलंय?” मी विचारलं.

राजेशने वाचून सांगितलं. “सेक्रेटरी बर्ड. शिकारी पक्षी आहे, पण उडून शिकार करत नाही. दिवसभर गवतातून चालतो. पाय आपटतो, म्हणजे लपलेले प्राणी घाबरून बाहेर पळतात. मग लाथ मारून मारतो. सापसुद्धा.” त्याने पुस्तक मिटलं. “पण हा आफ्रिकेतला, काका. जॉर्जियात नाही मिळत. आणि साईज चार फूट. तुमचा तर फार मोठा झाला.”

“माझा नाही तो,” मी म्हणालो.

४

सोमवारी रोशनीला ताप होता. आम्ही गेलो नाही.

इथली घरं बंद डब्यासारखी असतात. खिडक्या उघडत नाहीत, भिंतींतून हवेची यंत्रं सतत घरघरत असतात. त्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येत नाही. तरी दहा वाजले आणि मला वाटलं, काहीतरी ऐकलं. मी यंत्र बंद केलं. घर गप्प झालं. फ्रिज थरथरून थांबला. वरच्या खोलीत रोशनी झोपेत खोकली.

धप, धप, धप.

मी वर गेलो. वरच्या बाथरूमची खिडकी पट्टीकडे आहे. बाथटबच्या कडेवर उभा राहून पाहिलं. ऊन होतं, तारा होत्या, गवत होतं. पुन्हा तीनदा. मग एक मोठी शांतता. नवीन मजूर कामावर आलेला नसताना मुकादम थांबतो ना, तशी. पुन्हा तीनदा.

“गर्मी होऊन राहिली, एसी काहून बंद केला?” रमाबाईने खालून विचारलं.

“तुला काही ऐकू येतं?”

ती जिन्याच्या पायथ्याशी आली. आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो. धप, धप, धप.

“तिकडे घर बांधतात, तिथे खिळे ठोकत असतील,” ती म्हणाली.

खिळ्याचा आवाज असा नसतो. हे तिलाही कळत होतं. तिचा भाऊ सुतार आहे.

साडेअकरापर्यंत आवाज चालू होता. मग थांबला.

५

शेजारी हॅटी नावाची म्हातारी एकटी राहते. तिचा एक पांढरा छोटा कुत्रा. मंगळवारी मी एकटाच गेलो. रोशनीला अजून बरं नव्हतं आणि मला खात्री करून घ्यायची होती. कुत्रा माझ्यामागे आला. मी त्याला हाकललं, तो गेला नाही. माझ्या पुढे झाला.

मी पाय आपटले. सवय. साठ वर्षांची सवय पायात असते, डोक्यात नसते. कुत्रा त्या आवाजाने दचकला आणि पुढे पळाला. वीस पावलांवर तो एकच आवाज झाला. कुत्रा भुंकलासुद्धा नाही.

मी तिथेच उभा राहिलो. तेव्हा मला समजलं. इतके दिवस समजायला हवं होतं.

आमच्या गावाला चांद्याचं रान लागून होतं. शिकारीला साहेब यायचे. साहेब मचाणावर बसायचे आणि गावाबाहेरच्या आमच्या वाड्यातल्या माणसांना हाक्याला नेलं जायचं. रानाच्या एका टोकाकडून रांग धरायची, थाळ्या वाजवायच्या, पाय आपटायचे, ओरडायचं. जनावर आवाजाला भिऊन पुढे पळतं, आणि पुढे बंदूक असते. मजुरी नाही. नाही म्हणायची सोय नाही. माझा बाप वीस वर्षं हाक्याला गेला. एकदा रानडुकराने त्याची मांडी फाडली, तर साहेबाने त्याला मेलेल्या डुकराची आतडी दिली आणि निघून गेला.

पंधराव्या वर्षी मला बोलावणं आलं. मी म्हणालो, भानुदास कुणासाठी हाका करणार नाही. त्याच दिवशी गाव सोडलं, चालत खाणीवर गेलो. आयुष्यात मी खूप काही केलं नसेल. पण ते केलं.

आणि आता दीड महिना रोज दहा वाजता मी त्याच्यासाठी हाका करत होतो. वेळेवर. एक दिवस गेलो नाही तर त्याने मला बोलावलं.

रोज माझ्या पुढे कोण चालत होतं, हेही मला तेव्हाच समजलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या खांबांवर कुत्र्याच्या फोटोचे कागद लागले. हॅटीला मी काही सांगितलं नाही. माझं इंग्रजी तेवढं नाही, असं स्वतःला सांगितलं.

६

“बाबा, फिरायला न्यायचं का बंद केलं?” प्रितमने विचारलं. “ती दिवसभर टीव्हीसमोर असते.”

“तिकडे जायचं नाही. तिनेही नाही, तुम्हीही नाही.”

“का पण? काही रीझन?”

“मी सांगतो म्हणून.”

“राजेश म्हणत होता तुम्ही कुठल्या तरी बर्डला घाबरलाय.” तो हसत नव्हता. हसला असता तर बरं झालं असतं. “लहानपणी मला अंधाऱ्या विहिरीत पोहायला ढकलणारे तुम्ही.”

 मागच्या दाराला वरच्या बाजूला एक कडी तेवढी त्याच्याकडून लावून घेतली.

शनिवारी दुपारी प्रितम आणि उत्तरा सामान आणायला गेले होते. मी आंघोळ करून बाहेर आलो तर मागचं दार उघडं. खुर्ची दाराला लावलेली. कडी वरची, खुर्चीवर चढून काढलेली.

“रोशनी कुठे?”

“तुमच्यासोबत गेली ना?” रमाबाई म्हणाली. “तुमचे पाय वाजले बाहेर. ती म्हणाली, आबा बोलावतात. आणि गेली.”

मी तसाच ओल्या अंगाने धावलो. गवताच्या तोंडाशी थांबलो. पुढे, साठेक पावलांवर, गवताच्या वर तिच्या केसांची शेंडी दिसत होती. चार पावलं चालत होती, थांबत होती, पाय आपटत होती. पलीकडून उत्तर येत होतं. ती हसत होती.

हाक मारली असती तर ती माझ्यापासून पळाली असती. पकडापकडी तिला फार आवडायची. मी पळत गेलो असतो तरी तेच. मागून होणारा कुठलाही आवाज तिला पुढे ढकलणार होता. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. बापाच्या मांडीवरच्या खुणेत ते लिहिलेलं होतं.

मी वाट सोडली. पाइनच्या कडेने, टाच न टेकता, वाकून गेलो. सत्तरीच्या जवळ आलेला माणूस, अंगावर लुंगी. तिला मागे टाकलं, आणखी तीस पावलं गेलो आणि गवतात शिरलो. आता ती माझ्यासमोर होती आणि ते माझ्या पाठीमागे.

मग मी हाका केला. आयुष्यात पहिल्यांदा. पाय आपटले, हात वाजवले, तिच्या अंगावर धावून जात घसा फाटेपर्यंत ओरडलो. बाप ओरडायचा तसं, शब्द नसलेलं. रोशनीचं तोंड बदललं. अशा आजोबाला तिने कधी पाहिलं नव्हतं. ती किंचाळली, वळली आणि घराकडे पळत सुटली.

मी थांबलो नाही. हाक्यात थांबलं तर रांग तुटते. पाय आपटत तिच्यामागे चालत राहिलो. आणि माझ्या उजव्या हाताला, चार-पाच हातांवर, गवतात दुसरे पाय माझ्याबरोबर पडत होते. माझी टाच पडली की त्याची. रांगेतल्या शेजारच्या माणसासारखी. मी मान वळवली नाही. ते काय करत होतं ते माझ्या लक्षात आलं नाही तेव्हा. मला वाटलं, माझी पाठ धरून आहे.

ते शिकत होतं.

७

“आबा चेज्ड मी,” रोशनीने सांगितलं. “ही वॉज अ मॉन्स्टर.”

उत्तरा माझ्याशी बोलली नाही. प्रितम रात्री माझ्या खोलीत आला आणि पलंगाच्या टोकाशी बसला.

“बाबा, एकदा डॉक्टरला दाखवू या का?”

“मला काही झालेलं नाही.”

“ती तुमच्या खोलीवरून जायलासुद्धा घाबरते. तुम्ही असं का केलं, तेवढं तरी सांगा.”

सांगितलं असतं तर त्याने दया केली असती. दया मी बापाच्या साहेबाकडूनही घेतली नसती.

“तिकीट आधीचं कर,” मी म्हणालो. “आम्ही जातो.”

रमाबाईने भिंतीकडे तोंड केलं. ती रडत होती, पण तिने मला दोष दिला नाही. खिळ्यांची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

मला वाईट वाटलं नाही, असं नाही. पण एक हिशोब माझ्या मनात पक्का होता. पाय आपटल्याचा आवाज आला की रोशनी आता तिकडे जाणार नाही. उलटी पळेल. मी भारतात गेल्यावरसुद्धा पळेल. त्यासाठी ती मला राक्षस म्हणत असेल तर म्हणू दे.

पुढचे आठ दिवस पट्टीतून काही आवाज आला नाही.

८

नवव्या दिवशी, सोमवारी, सकाळी मी बैठकीत बॅग बांधत होतो. रमाबाई आंघोळीला गेली होती. रोशनी सोफ्याच्या पलीकडे, माझ्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब, रंगांच्या कांड्या घेऊन बसली होती.

काचेच्या दारावर काहीतरी आपटलं. ससा होता. मग दुसरा. मग मागच्या सगळ्या अंगणातून ससे, खारी, एक भलंमोठं कासव, सगळे घराच्या दिशेने येत होते. काचेला चिकटून एकमेकांवर चढत होते.

त्यांच्या मागे, गवताच्या तोंडाशी, पाय आपटत होते. चार पावलं, मग तीनदा. चार पावलं, मग तीनदा. जवळ येत होते.

रोशनीने कांडी टाकली. कान झाकले आणि धावत जिना चढून तिच्या खोलीत गेली. मला बरं वाटलं. शिकली, असं वाटलं.

मग माझ्या हातातली बॅग तशीच राहिली.

हाका कधी नुसता होत नाही. एका टोकाला आवाज असेल तर दुसऱ्या टोकाला कोणीतरी गप्प बसलेलं असतं. त्याच्याकडे जनावर जावं म्हणूनच आवाज करतात. ते एकटं नव्हतं.

मी जिना चढलो. आवाज केला नाही.

तिच्या खोलीचं दार उघडं होतं. ती पलंगाखाली नव्हती. खोलीच्या मधोमध उभी होती, पाठ क्लोझेटकडे, तोंड दाराकडे. भिंतीतल्या त्या कपाटाला पट्ट्यापट्ट्यांची लाकडी दारं आहेत. आतला दिवा उत्तरा नेहमी चालू ठेवून जाते. पट्ट्यांच्या फटींतून उजेड येत होता. खालच्या फटींमध्ये तो दोन जागी तुटला होता. दोन उभ्या रेघा, माझ्या काठीएवढ्या जाड, एकमेकींपासून वीतभर. माझ्या छातीच्या उंचीपर्यंत रेघा होत्या. त्याच्या वर फटींत उजेडच नव्हता.

एक रेघ हळूच वर गेली आणि तिथेच थांबली.

मी एक पाऊल आत टाकलं. कार्पेटखालची फळी करकरली. रोशनी एक पाऊल मागे सरली. क्लोझेटकडे.

मी थांबलो. तीही थांबली. तिचे डोळे माझ्यावर होते. फक्त माझ्यावर.

“रोशनी,” मी म्हणालो. ती आणखी एक पाऊल मागे गेली.

खाली काचेवर ससे आपटत होते.

मी आयुष्यात कुणापुढे गुडघे टेकले नव्हते. दारातच टेकले. मग बसलो, मग आडवा झालो, गाल कार्पेटला लावून, म्हणजे तिच्यापेक्षा लहान दिसेन. दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि बोललो तर ती मागे जाणार होती. म्हणून बोललो नाही.

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. तिच्या मागे दाराची एक पट्टी किंचित हलली.

तिने एक पाय उचलला. तो पुढे टाकायचा की मागे, हे ती अजून ठरवत होती.